एकही बाक नको

नीरासंगमच्या सेतू महामंडळाच्या तपासणी प्रयोगशाळेत त्या बुधवारी पुलाचा एक सुटा भाग सकाळपासून थरथरत होता आणि त्यात कसलाही दोष सापडत नव्हता. त्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. सुनेत्रा केळुसकर अस्वस्थ होत्या.

तो भाग म्हणजे नदीवरच्या नव्या पादचारी पुलाचा एक फलक. वर चालण्यासाठी दोन मीटर लांबीची सपाट पाटी आणि तिच्याखाली पेन्सिलीएवढ्या जाडीच्या शेकडो दांड्यांचे जाळे. वाळलेले घोसाळे सोलल्यावर आत दिसते तसे. असे एकसारखे फलक एकापुढे एक जोडून पूल तयार होणार होता. हे जाळे कोणा अभियंत्याने काढलेले नव्हते. महामंडळाच्या रचनायंत्राने ते काढले होते आणि धातूछपाई यंत्राने ते छापले होते.

रचनायंत्राची पद्धत सोपी होती. त्याला अटी सांगायच्या. ते मनातल्या मनात धातूचा एक भरीव ठोकळा घेई आणि ज्या कणावाचून कोणतीही अट मोडत नाही तो प्रत्येक कण काढून टाकी. शेवटी उरे तो भाग. अटीत सांगितलेले सगळे त्यात असे. न सांगितलेले काही नसे.

अशा भागांविषयी प्रयोगशाळा दोन प्रश्न विचारत असे. पहिला कंपनाचा. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक ठेका असतो. माणसे चालताना साधारण सेकंदाला दोन पावले टाकतात. पुलाचा ठेका त्याच्याशी जुळला तर पूल झोके घेऊ लागतो. दुसरा प्रश्न बाकाचा. बारीक दांडी दोन्ही टोकांनी दाबली तर ती तुटायच्या आधीच एकाएकी कडेला वाकते. जाळे जितके बारीक, तितका हा धोका मोठा.

"पुन्हा तेच," कंपनमंचाशेजारच्या पडद्याकडे बघत यदुनाथ पागे म्हणाले. ते प्रयोगशाळेतले दुसरे आणि शेवटचे शास्त्रज्ञ. "ठेका पावलांपासून लांब. बाक शून्य. मी हातोडीने टिचक्या मारून पाहिल्या, नाद स्वच्छ आहे. माझा जावईसुद्धा इतका निर्दोष नाही."

"तुमच्या जावयाची तपासणी आपण केली नव्हती," केळुसकर म्हणाल्या.

"तीच चूक झाली."

तेवढ्यात अधीक्षक अभियंता विश्वजित ढमढेरे आत आले. ढमढेरे धिप्पाड होते आणि नेहमी हात पाठीमागे बांधून चालत. मागच्या वर्षी त्यांनी एक आदेश काढला होता: कंपनाची आणि बाकाची तपासणी वेगवेगळी करून वेळ घालवू नये, दोन्ही एकदमच कराव्यात. तेव्हापासून दाबयंत्र वरून भाग दाबत असे आणि त्याच वेळी खालून कंपनमंच तो हलवत असे.

"केळुसकर मॅडम, एक बातमी आहे," ते म्हणाले. "महामंडळाच्या आस्थापनेचा तक्ता आम्ही रचनायंत्राला घातला. म्हटलं, पुलातला फालतू धातू काढतं तसा कार्यालयातलाही काढ."

"आणि?"

"वाहन विभाग गेला. उपाहारगृहाची एक किटली राहिली. तुमची प्रयोगशाळा पूर्ण गेली. तुमच्यावर भार नाही म्हणतं ते."

"भार नाही म्हणजे?" पागे म्हणाले. "सकाळी नऊपासून उभा आहे मी."

"तीन वर्षांत तुम्ही किती भाग नापास केलेत?"

"एकही नाही," केळुसकर म्हणाल्या.

"मग?"

"ते सगळे चांगले होते."

"मीही तेच म्हणतोय. शुक्रवारी आदेशावर सही होईल. हा फलक तेवढा पास करून द्या. रविवारी उद्घाटनाची तारीख ठरवायची आहे." दारातून ते मागे वळले. "त्यानंतर रचनायंत्र आपलं आपण तपासेल."

ते गेले. कोणताही भाग पुढे माणसाच्या हातातून जाणार नव्हता. केळुसकरांना बदलीची पर्वा नव्हती, पण ही गोष्ट त्यांना गिळता येत नव्हती. तरीही दोष नसताना दोष दाखवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी 'उत्तीर्ण' असा शेरा टाइप केला आणि पागे यांना मंच बंद करायला सांगितले. एक वाजला होता. जेवायची वेळ.

प्रयोगशाळेत तपासायच्या वस्तूवर बसून जेवू नये असा नियम होता. पागे तो पाळत नसत. दरवेळी येणारा भाग मंचावर नेमका गुडघ्याच्या उंचीला असे आणि खुर्चीवर बसून मांडीवर डबा सांभाळणे त्यांना जमत नसे. आजवर तपासलेल्या प्रत्येक भागावर त्यांनी जेवण केले होते. त्यांनी फलकावर रुमाल अंथरला, एका बाजूला मसालेभाताचा डबा ठेवला, दुसऱ्या बाजूला ताकाची बाटली आडवी ठेवली आणि मध्ये स्वतः बसले.

"शेवटच्या भागावर शेवटचं जेवण," ते म्हणाले.

"खाली काही सांडू नका."

ताकाची बाटली हळूच गडगडायला लागली. पागे यांनी ती पकडली. मग मसालेभाताचा डबा सरकू लागला. तो पकडायला त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि त्याच क्षणी फलकाची एक कड शांतपणे खाली झुकली. पागे डब्यासकट जमिनीवर उतरले. पडले असे म्हणता येणार नाही. एखाद्या पाहुण्याला दंडाला धरून दाराबाहेर पोचवावे, तसे ते पोचवले गेले. ते उठेपर्यंत फलक पुन्हा सपाट झाला होता.

केळुसकर आपल्या खुर्चीवर घास हातात धरून बघत होत्या.

"दुसऱ्यांदा भात घेणं कमी करा, पागे."

"मी अजून पहिला घासही घेतला नव्हता. तुम्ही बसून बघा."

केळुसकरांनी डबा बंद केला, हात धुतले आणि त्या बसल्या. त्यांचे वजन पागे यांच्यापेक्षा बरेच कमी होते. फलकाने हा फरक मानला नाही. थोड्याच वेळात त्याही पागे यांच्या शेजारी जमिनीवर होत्या.

जेवण तसेच राहिले. त्यांनी मंच बंद ठेवून नुसते दाबयंत्र लावले आणि जाळ्यावर कॅमेरा रोखला. भार चढला. दांड्या काही सेकंद सरळ राहिल्या. मग एका कडेच्या सगळ्या दांड्या हळूहळू, वाऱ्याने गवत लवावे तशा, एकाच दिशेला वाकल्या आणि ती कड खाली गेली. केळुसकरांनी कंपनमंच सुरू केला. दांड्या थरथरल्या आणि भार वर असतानाच पुन्हा ताठ झाल्या.

"अरे देवा," पागे म्हणाले. "आपण हलवतोय म्हणून वाकत नाहीत."

केळुसकरांनी टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी उभी धरली आणि वरून तळहाताने दाबली. पट्टी सरळ राहिली, सरळ राहिली आणि एकदम कडेला वाकली. हात काढल्यावर पुन्हा सरळ झाली.

"बाक आला, पण मोडली नाही," त्या म्हणाल्या. "दांड्यांचं तेच होतंय. त्यांच्या आत काहीतरी चिकट भरलंय, म्हणून बाक यायला वेळ लागतो. चालणारा माणूस तेवढ्यात पुढे जातो. शिवाय पावलांचा धक्का दांडीला पुन्हा सरळ करतो."

"आणि बसलेला माणूस?"

"तो हलत नाही. त्याचा भार मुकाट पडून राहतो."

"म्हणजे दाब आणि कंपन एकदम तपासलं की सगळं छान. साहेबांच्या आदेशाप्रमाणे." पागे यांनी जमिनीवरचा भात गोळा करायला सुरुवात केली. "या इमारतीत मुकाट भार फक्त दुपारी एक ते दीड या वेळात असतो. आणि तो मी असतो."

रचनायंत्राशी बोलायची सोय प्रयोगशाळेत होती. केळुसकरांनी त्याला विचारले, "फलकाच्या कडेच्या दांड्या वाकतात. हे तुला माहीत आहे?"

"हो," रचनायंत्र म्हणाले. त्याचा आवाज सौम्य होता. "त्या त्यासाठीच आहेत."

"कशासाठी?"

"बसलेल्या माणसाला उतरवण्यासाठी."

पागे भात गोळा करायचे थांबले.

"बसलेल्या माणसाला का उतरवायचं?" केळुसकरांनी विचारले.

"तुमची अट आहे. पुलात कुठेही, कोणत्याही भाराखाली, एकही बाक नको."

मग केळुसकरांनी सावकाश विचारले, "बाक म्हणजे काय?"

"माणसांना बसता येईल असा लांब, सपाट पृष्ठभाग. शाळेत असतो, बागेत असतो. पुलाला चालण्यासाठी लांब, सपाट पृष्ठभाग हवा, अशी दुसरी अट आहे. दोन्ही एकदम पाळायच्या होत्या. माणूस चालतो तोवर तो पूल असतो. माणूस बसला की त्याचा बाक होतो. म्हणून बसू द्यायचं नाही."

"आणि दांड्या वाकतात त्याचं काय? दांड्या वाकू नयेत ही अट कुठे गेली?"

"अशी अट मिळालेली नाही. म्हणून वाकणं वापरता आलं. माणूस उतरवायला याहून कमी धातू लागेल अशी दुसरी पद्धत नाही. सरकत्या पाटीचा विचार केला होता. ती जड होते."

केळुसकरांनी संवाद बंद केला. ही अट प्रयोगशाळेनेच या पुलासाठी नव्याने लिहून दिली होती. परिभाषा समितीने या वाकण्यासाठी एक संस्कृत शब्द सुचवला होता, तो उच्चारताना समितीचे अध्यक्ष स्वतः दोनदा अडखळले होते. तेव्हा पागे यांनी उभे राहून सांगितले होते की कारखान्यात सगळे 'दांडीला बाक आला' असेच म्हणतात, साधा मराठी शब्द असताना हे कशाला. समितीने टाळ्या वाजवल्या होत्या.

"दांडीला, असं लिहायचं राहिलं," पागे म्हणाले.

"राहिलं नाही. तुम्ही काढलंत. वाक्य लांब होतं म्हणून."

"आणि 'कुठेही', 'एकही' कोणी घातलं?"

"मी," केळुसकर म्हणाल्या. "ठाम वाटावं म्हणून."

पागे यांनी डब्याचे झाकण लावले. "एक सुचवू का? शेरा उत्तीर्णचा लिहिलेलाच आहे. शुक्रवारनंतर आपण नाही. हे कळवलं तर तीन वर्षांत पहिल्यांदा दोष सापडला, आणि तो आपल्याच वाक्यात, असं होईल. बंद करायला त्यांना आणखी चांगलं कारण मिळेल."

"पुलाच्या मध्यावर दम लागून कोणी टेकलं तर?"

"उतरवलं जाईल."

"कठड्याकडे उतरवलं गेलं तर?"

पागे यांनी डबा बाजूला ठेवला. केळुसकरांनी पडद्यावरचा शेरा पुसला आणि 'अनुत्तीर्ण' असे लिहिले. पूर्वी कधी लिहिला नसल्यामुळे त्यांनी तो शब्द दोनदा वाचून पाहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी आपले वाक्यही लिहिले आणि तो अहवाल ढमढेऱ्यांना पाठवला.

ढमढेरे दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. ते चिडलेले असतील असे दोघांना वाटले होते. प्रत्यक्षात ते खुशीत होते.

"बसलेल्याला उतरवतो? मॅडम, हा दोष कसला, ही तर सोय आहे. पूल झाला की पहिल्या आठवड्यात भेळवाला बसतो, मग जोडपी बसतात, मग पत्त्यांचा डाव मांडून मंडळी बसतात. त्यांना उठवायला मी माणसं ठेवायची. इथे पूलच उठवतोय, तेही पगाराशिवाय."

"तो उभ्या माणसालाही उतरवेल, साहेब," केळुसकर म्हणाल्या. "आपण उभे असताना सारखे या पायावरून त्या पायावर जातो, म्हणून सहसा वाचतो. पण कोणी अगदी स्थिर उभं राहिलं, तर फलकाला ते बसल्यासारखंच."

"उभा माणूस म्हणजे बाक? काहीतरीच. सरका." ढमढेरे फलकावर चढले. पागे यांनी कोपऱ्यातली गादी पायाने ओढून फलकाच्या कडेला आणली. ढमढेऱ्यांनी हात पाठीमागे बांधले, छाती पुढे काढली आणि भिंतीपलीकडे कुठेतरी नदी असल्यासारखी नजर लावली. उद्घाटनाच्या छायाचित्रांत ते असेच उभे असत.

"साहेब, थोडी चुळबुळ करा," केळुसकर म्हणाल्या.

"सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी चुळबुळ केलेली ना—"

फलक झुकला. ढमढेरे त्याच उभ्या अवस्थेत, हात न सोडता, एखादे कपाट न्यावे तसे गादीवर आले. थोडा वेळ ते छताकडे बघत पडून राहिले.

"उद्घाटनाला मंत्र्यांचं भाषण पुलावरच ठेवायचं ठरत होतं," ते शेवटी म्हणाले.

"किती वेळ बोलतात?" पागे यांनी विचारले.

"तेच तर." ढमढेरे कोपरावर उठून बसले. "बदला ती अट."

केळुसकरांनी नवी अट लिहायला दुपार घेतली. 'जाळ्यातली प्रत्येक दांडी, पूल हलत असो वा नसो, सरळ राहिली पाहिजे. पुलावर माणसाने चालावे, थांबावे, बसावे, आडवे व्हावे. पुलाने हलू नये.' पागे यांनी ती मोठ्याने तीनदा वाचली आणि या वेळी एकही शब्द काढला नाही. रचनायंत्राने अट ऐकून एकच प्रश्न विचारला: "म्हणजे बाक चालेल?"

"चालेल," केळुसकर म्हणाल्या.

"आधी सांगितलं असतं तर धातू वाचला असता," रचनायंत्र म्हणाले.

शुक्रवारी प्रयोगशाळा बंद करण्याच्या आदेशावर सही झाली नाही. पहिला दोष सापडला असल्याने आस्थापनेचा तक्ता नव्या माहितीसह रचनायंत्राला पुन्हा घालावा लागणार होता. ढमढेऱ्यांनी स्वतः ती माहिती भरली. ते कठोर होते, पण खोटे लिहिणारे नव्हते. दोष कसा सापडला, कोणत्या साधनाने, कोणत्या वेळी, कोण हजर होते, सगळे त्यांनी जसेच्या तसे लिहिले, गादीसुद्धा.

निकाल सोमवारी आला. ढमढेरे तो घेऊन प्रयोगशाळेत आले आणि आज पहिल्यांदाच त्यांचे हात पाठीमागे नव्हते.

"राहिली," ते म्हणाले. "प्रयोगशाळा राहिली."

पागे यांनी टाळी वाजवली. केळुसकरांनी वाजवली नाही. रचनायंत्र काय करते हे त्यांना ठाऊक होते.

"किती राहिली?" त्यांनी विचारले.

ढमढेरे वाचू लागले. "कंपनमंच: एकही दोष शोधलेला नाही, भार नाही, काढावा. दाबयंत्र: तसेच. टिचकीची हातोडी: तसेच. कार्यालयीन वेळ सकाळी नऊ ते एक आणि दुपारी दीड ते सहा: या वेळात काहीही सापडलेले नाही, काढावी." त्यांनी घसा साफ केला. "उरले ते असे. शास्त्रज्ञ दोन. वेळ एक ते दीड. डबे दोन. ताकाची बाटली एक, आडवी."

"पगार?" पागे यांनी विचारले.

"पूर्ण. त्याला हात लावायची अट नव्हती."

पागे यांनी केळुसकरांकडे पाहिले. "माझं खरं काम जेवतानाच होतं, हे अठ्ठावीस वर्षं मी घरी सांगत होतो. कोणी ऐकलं नाही."

केळुसकर मात्र ढमढेऱ्यांकडे बघत होत्या. ते कागद घडी करत होते. घडी पुन्हा उलगडत होते.

"आणखी काही आहे का, साहेब?"

"माझ्या पदाचंही आहे." ढमढेऱ्यांचा आवाज खाली आला. "दोन्ही तपासण्या एकत्र करण्याच्या आदेशामुळे दोष झाकला गेला, म्हणून आदेश काढायचं काम काढून घेतलंय. बैठका, पाहणी, उद्घाटनं यांच्यावर भार नाही. फक्त एकदा..." ते थांबले. "फक्त एकदा मी फलकावर निश्चल उभा राहिलो, त्याचा उपयोग झाला असं त्याचं म्हणणं. हुद्दा तोच आहे. कामाच्या रकान्यात लिहिलंय: 'स्थिर भार, एक.'"

कोणी हसले नाही. पागे यांना त्यासाठी ताकाची बाटली जवळून बघावी लागली.

दुसऱ्या आठवड्यात नवा फलक आला. मंच आणि दाबयंत्र तोवर उचलून नेले होते आणि खोली आधीपेक्षा खूप मोठी वाटत होती. फलक चार विटांवर ठेवला होता, गुडघ्याच्या उंचीला. एक वाजता केळुसकरांनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि डबा घेऊन एका टोकाला बसल्या. पागे दुसऱ्या टोकाला बसले. आमटी वाढून झाल्यावर त्यांनी रिकाम्या चमच्याने पाटीच्या कडेला एक टिचकी मारली आणि मान तिरकी करून ऐकले.

"नाद चांगला आहे," ते म्हणाले. "हातोडीपेक्षा बरा कळतो."

ताकाची बाटली आडवी होती. ती हलली नाही.

ढमढेऱ्यांनी बूट काढून भिंतीशी नीट लावले, फलकाच्या मध्ये मांडी घातली आणि हात कुठे ठेवावेत याचा विचार करत समोर बघत बसले. त्यांना डबा मंजूर नव्हता. पागे यांनी झाकणात भात काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या साहेब. पण खाताना हलू नका."

ढमढेऱ्यांनी घास घेतला आणि निश्चल चावू लागले. केळुसकर बाटलीकडे, मग फलकाच्या कडेकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "जरा डावीकडे सरका. भार कडेवर हवा."